जावईबापू जेवत नाहीत

२ फेब्रुवारी

ऑफिसच्या नोंदवहीत वजन, खाणं, कात आणि घाण एवढंच लिहायचं असतं. मनात काय चाललंय याला त्यात रकाना नाही. म्हणून आज ही वही काढली. वही बायकोची आहे. ती घरी शिवणकाम करते, त्यामुळे पहिली चार पानं गिऱ्हाइकांच्या मापांनी भरली आहेत. ती तशीच राहू दिली.

तर झालं असं की सकाळी साहेबांनी बोलावलं. आमच्या प्राणिबागेचे साहेब स्वभावानं चांगले आहेत, फक्त सापाचं नाव काढलं की खुर्ची मागे सरकवतात. म्हणाले, "सर्पगृहात येतं कोण? दोन अजगर, ते पण दिवसभर झोपलेले. समितीचं म्हणणं आहे, तिथे खाऊचं दुकान काढावं. तुम्हाला वाहनतळावर घेऊ. शिट्टी मिळेल."

शिट्टी! बावीस वर्षं सापांचं केलं ते शिट्टी फुंकायला? माझं डोकंच फिरलं. तोंडातून निघून गेलं, "साहेब, दुकान कसलं काढताय? मावशी गाभण आहे!"

साहेबांनी खुर्ची परत पुढे ओढली. मग म्हणाले, "खरं सांगताय? आपल्याकडे आजवर एकाही सापानं अंडी दिलेली नाहीत. तसं असेल तर गोष्ट वेगळी. ९ एप्रिलला समिती येतेय. तेव्हा अंडी दाखवा, सर्पगृह राहील. नाहीतर अजगर दुसऱ्या बागेत आणि तुम्ही वाहनतळावर."

आता हे खोटं बोलणं नव्हे. डिसेंबरात मावशी आणि जावईबापूंना मी एका पेटीत सोडलं होतं. दोन दिवस शेपटीला शेपटी गुंडाळून पडून होते, मी स्वतः पाहिलंय. मावशी माझ्याकडे अकरा वर्षं आहे. चांगली जाडजूड, दांडगी, शांत. जावईबापू तीन वर्षांपूर्वी आले. मावशीपेक्षा बारीक, आणि सदा रुसलेले, म्हणून ते नाव. हे आफ्रिकेतले जेमतेम चार फुटी अजगर, या जातीत मादी मोठी आणि नर लहान असतो. त्यामुळे कोण कोण आहे हे सांगायला मला कुणाची गरज लागली नाही. मावशी गाभण असणारच. फक्त अजून मी नीट पाहिलेलं नाही, एवढंच.

७ फेब्रुवारी

पाच दिवस मावशीच्या पेटीसमोर स्टूल टाकून बसलोय. गाभण मादीची लक्षणं मला झोपेत विचारा. आधी तिचं अन्न सुटतं. मग एक दिवस पोटाच्या मधोमध असा फुगवटा येतो की वाटावं आख्खा चेंडू गिळलाय, आणि दुसऱ्या दिवशी तो जिरतो. त्यानंतर ऊब शोधत फिरते, पोट वर करून वेडीवाकडी पडते. तीनेक आठवड्यांनी कात टाकते. कातीपासून महिन्याभरानं अंडी.

मावशीनं आज दोन उंदीर खाल्ले आणि तिसऱ्यासाठी काचेला नाक लावून बसली. आता सगळ्या बायकांचं सारखं थोडंच असतं? काहींना अन्न नको होतं, काहींना डोहाळे लागतात. मावशीला डोहाळे लागलेत.

जावईबापूंनी मात्र सलग पाचव्या आठवड्यात उंदराकडे पाठ फिरवली. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. या दिवसांत नर खात नाहीत, त्यांचं चित्त ठिकाणावर नसतं. नोंदवहीत लिहिलं : 'नर. अन्न नाकारलं.'

साहेबांनी दारावर पाटी लावली आहे : 'शांतता राखा. मावशी गाभण आहे.' दुपारी एका म्हाताऱ्या बाईंनी मला विचारलं, या वयात?

१७ फेब्रुवारी

जावईबापूंचं पोट बिघडलंय. मधोमध हा एवढा फुगवटा! सहा आठवडे पोटात अन्नाचा कण नाही, तर वारा नाही धरणार तर काय. हात फिरवला तर फुत्कारले. नोंदवहीत वेळ घालून लिहिलं, कारण उद्या काही बरंवाईट झालं तर बागेच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई मलाच धरतील.

१८ फेब्रुवारी

फुगवटा गेला. वाराच होता. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

१९ फेब्रुवारी

गुरुवार, डॉक्टरीणबाईंचा दिवस. पोरगी हुशार आहे, पण वय किती, माझ्या नोकरीएवढं. मावशीला हातात घेऊन बराच वेळ चाचपत होती. म्हणाली, "काका, शेपटीजवळची ही नखं बघा. मादीला एवढी मोठी नसतात. ही नक्की मादी आहे ना? बारीक सळई घालून तपासते. पाच मिनिटांचं काम."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षं जिला मावशी म्हणतोय तिला ही सळई लावणार! म्हटलं, "बाई, वय झालं की नखं वाढतात. माझीच बघा. आणि गाभण मादीला सळई लावू नये हे तुमच्या पुस्तकात नाही का?"

नियम खरा होता, त्यामुळे तिनं सळई परत बॅगेत ठेवली. जाताना म्हणाली, "दुसऱ्याचं काय?" म्हटलं, त्याचं काही नाही, रुसलाय.

२७ फेब्रुवारी

मावशीला ऊब हवी म्हणून जावईबापूंच्या पेटीखालची विजेची गरम चटई काढली आणि मावशीला लावली. तिच्याखाली आता दोन चटया आहेत. मावशी त्यावरून उठून पाण्याच्या भांड्यात जाऊन बसली. असेल बाई, गरोदरपणात कुणाला काय सुचेल सांगता येत नाही.

जावईबापूंचं मात्र पाहवत नाही. दोन पेट्यांमध्ये एकच पातळ फळी आहे. पलीकडे मावशीच्या चटया, अलीकडे हे त्या फळीला अंग चिकटवून दिवसभर पडलेले, तेही पोट अर्धं वर करून. काय ते प्रेम! माझी बायको आजारी पडली होती तेव्हा मीही इतका चिकटून बसलो नव्हतो, आणि ते तिनं आजवर विसरू दिलेलं नाही.

८ मार्च

जावईबापूंनी कात टाकली. अखंड निघाली, एकही चीर नाही. बिचारा उपाशीपोटी झिजत चाललाय आणि तरी वजन घटत नाही, हे माझ्या डोक्यावरून गेलं. तीनदा तोलून पाहिलं. शेवटी काटा बिघडला असणार असं समजून लिहून टाकलं.

मावशीची कात अजून नाही. मावशी, अगं बाई, एप्रिल आला!

१२ मार्च

आज माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मावशीसाठी मी अंडी घालायची पेटी केली होती : झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्याला गोल भोक, आत ओलसर शेवाळ. चार दिवस ती आत शिरेना. आज शिरली. मी हात जोडून उभा. अर्ध्या तासानं बाहेर आली. आत पाहिलं तर घाण. मणभर.

वजन केलं. दोनशे ग्रॅम उतरलं आणि पोटाचा जो भाग मी अंडी म्हणून धरून बसलो होतो तो सपाट. मग शांतपणे विचार केला. घाण साचल्यामुळे अंडी आत दबली असतील, आता त्यांना जागा मोकळी झाली. म्हणजे चांगलंच झालं.

डबा धुतला, नवं शेवाळ घातलं. मावशी आता त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. ठेवायला जागा नव्हती म्हणून जावईबापूंच्या पेटीत सरकवला. ते लगेच आत गेले आणि बाहेरच येईनात. माणसाला काय, सापाला काय, जरा एकांत लागतोच.

१५ मार्च

साहेबांकडे दुसऱ्या बागेचं पत्र आलंय. त्यांच्याकडे माद्या आहेत, नर नाही. साहेब म्हणाले, "आपल्या नराचं काम झालं ना आता? देऊन टाकू. समितीलाही बरं वाटेल, आपण मदत करतो म्हणून."

मी म्हटलं खुशाल द्या. मावशी एकदा मोकळी झाली की मला तिच्याकडेच बघायचंय. या रुसूबाईला, चुकलो, रुसूबुवाला कोण समजावत बसणार? ७ एप्रिलला गाडी येईल.

२२ मार्च

रविवार. जेवणाचा डबा घरी विसरलो म्हणून बायको घेऊन आली. गळ्यात टेप तशीच, काम टाकून आलेली. बावीस वर्षांत ती सर्पगृहात तिसऱ्यांदा आली असेल. सापांना घाबरत नाही, पण म्हणते, त्यांना खांदे नाहीत, बघायचं काय?

मी तिला मावशी दाखवली. तिनं वरून खाली एकदा पाहिलं आणि म्हणाली, "अहो, ही नुसती सुटलीय."

"गाभण आहे ती!"

"काहीतरीच. ही सगळीकडून सारखी जाड आहे. खाऊन खाऊन झालेली." मग शेजारच्या पेटीत डोकावली. जावईबापू डब्याच्या भोकातून अर्धे बाहेर होते. ती वाकली, चष्मा वर केला, आणि मला म्हणाली, "दिवस हिला गेलेत."

मला हसू आवरेना. म्हटलं, "अगं, तो नर आहे!"

"असेल तुमच्या वहीत. मागच्या अर्ध्या अंगानं भरलीय बघा, पुढे मान तशीच बारीक. इतकी वर्षं बायकांची मापं घेतेय मी. कुणाला दिवस गेलेत ते मला तिच्या सासूच्या आधी कळतं. जेवते का?"

"नाही."

"ऊब मागते?"

"ते मावशीच्या ओढीनं—"

"ओढीनं!" ती म्हणाली. "मला आपली पहिली मुलगी होती तेव्हा मीही चार महिने भिंतीला टेकून बसायचे. तेव्हा तुम्ही म्हणालात, ही आळशी झालीय."

डबा ठेवून निघून गेली. भाजीत मीठ नव्हतं. मुद्दाम असणार.

३१ मार्च

मावशी खातेय. मावशी झोपतेय. मावशीनं कात टाकलेली नाही. नऊ दिवस राहिले.

दुपारी वाहनतळावरून चक्कर मारून आलो. तिथला शिट्टीवाला म्हणाला, उन्हात डोळ्यांपुढे अंधारी येते, पण माणसं भेटतात. मला माणसं नको आहेत. बावीस वर्षं मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यापैकी कुणी उलट उत्तर दिलेलं नाही. खाऊचं दुकान आलं तर माझ्या या खोलीत तेलाचा वास येईल, जिथे मावशीची पेटी आहे तिथे फ्रीज उभा राहील, आणि मी बाहेर उभा राहून गाड्या मागे घ्यायला सांगेन. आज खरंच रडावंसं वाटलं.

जावईबापू डब्यात. सारखे शेवाळ ढकलून मधे खळगा करतात. मी सपाट करतो, ते परत करतात. जायच्या आधी जरा नीट वागावं तर तेही नाही.

६ एप्रिल

उद्या जावईबापूंची गाडी. पाठवायचं खोकं तयार करून ठेवलं, हवेला भोकं पाडली. प्रवासाच्या कागदावर लिहिलं : 'नर, वय अंदाजे पाच, प्रकृती नाजूक, तीन महिने जेवण नाही.' तिकडचे लोक म्हणतील हा काय माल पाठवला.

७ एप्रिल

जे झालं ते क्रमानं लिहितो.

सकाळी दहाला गाडी आली. ड्रायव्हर दारात उभा. मी जावईबापूंची पेटी उघडली, डब्याचं झाकण काढलं आणि हात आत घातला. जावईबापूंनी फाडकन डोकं मारलं. आजवर कधी मारलं नव्हतं. वेटोळ्याच्या मधून काहीतरी पांढरं दिसलं. मला वाटलं कातीचा तुकडा. टॉर्च मारला.

सहा. सहा अंडी, एकमेकांना चिकटलेली, आणि त्यांच्याभोवती जावईबापू.

मी झाकण परत लावलं. ड्रायव्हर म्हणाला, "काय झालं, घालू का खोक्यात?" मी म्हटलं, "थांबा." तो म्हणाला, "नर हाच ना?" मी म्हटलं, "थांबा म्हटलं ना!" आणि स्टुलावर बसलो. मावशी पलीकडून काचेला नाक लावून बघत होती, तिला वाटलं उंदीर आले.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. अंड्यामागे टॉर्च धरून पाहिलं, आत तांबड्या शिरा दिसत होत्या. सहाच्या सहा भरलेली. मग मावशीला टेबलावर घेतलं आणि या वेळी मला विचारलंच नाही. पाच मिनिटंही लागली नाहीत.

"काका," ती म्हणाली, "मावशी नर आहे."

ती पण चांगली पोर, हसली नाही. बाहेर जाऊन हसली असेल. गरम चटई परत अंड्यांच्या पेटीखाली लावली. चाळीस दिवस मी ती काढून घेतली होती, आणि ती बाई फळीतून झिरपेल तेवढ्या उबेवर पोटातली पोरं सांभाळत होती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

ड्रायव्हरला रिकामा परत पाठवला.

८ एप्रिल

साहेब खूश. अंडी कुणाची का असेनात! म्हणाले, "पेट्यांवरच्या पाट्या बदला. मावशीची इकडे, जावईबापूंची तिकडे. साप काही बोलणार नाहीत, तुम्हीही बोलू नका. नाहीतर समिती म्हणेल, ज्याला नर-मादी कळत नाही त्याच्या हाती सर्पगृह कसं ठेवायचं?"

बोलणं बरोबर होतं. पाट्या बदलल्या.

घरी बायकोला सांगितलं. मला वाटलं आता वर्षभराचं ऐकून घ्यावं लागणार. ती मशीनवर होती. पाय थांबवला आणि विचारलं, "किती झाली?" म्हटलं सहा. "आणि तिची तब्येत?" म्हटलं बरी आहे. "मग झालं तर," म्हणाली, आणि परत मशीन सुरू. यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

९ एप्रिल

समितीत तिघं होती. दोघांनी काचेतून अंडी पाहिली, वा वा म्हणाले, आणि दाराकडे वळले. तिसऱ्या अध्यक्षीणबाई. त्यांनी माझी नोंदवही मागितली. नोंदवही! पाट्या बदलताना वही कुणाच्या लक्षात होती?

स्टुलावर बसून त्या पानं उलटत राहिल्या. साहेब घाम पुसत होते.

"इथे लिहिलंय की मावशीनं परवापरवापर्यंत उंदीर खाल्ले. आठवड्याला दोन."

"हो."

"आणि नर तीन महिने उपाशी. १७ फेब्रुवारीला मधोमध फुगवटा, दुपारी अडीच वाजता. १८ ला गेला. ८ मार्चला कात. त्यानंतर बरोबर तिसाव्या दिवशी अंडी." त्यांनी चष्मा काढला. "अंडी दिली कुणी?"

साहेब मागून डोळ्यांनी खुणावत होते, मावशी म्हणा, मावशी. मी पेटीकडे पाहिलं. ती अंड्यांवर डोकं ठेवून बसली होती. तीन महिने सगळं सोसलं तिनं, आणि नाव लावायचं दुसऱ्याचं? तेही जो दोन चटयांवर लोळत होता त्याचं?

"नरानं," मी म्हटलं. "म्हणजे ज्याला मी तीन वर्षं नर म्हणत होतो त्यानं. पाट्या काल बदलल्या. चूक माझी आहे, साहेबांची नाही."

साहेबांनी रुमाल तोंडावर धरला.

"तुम्हाला कळलं केव्हा?"

"माझ्या बायकोला २२ मार्चला. मला परवा, गाडी दारात आल्यावर."

आधी अध्यक्षीणबाई हसल्या. मग ते दोघं. मग साहेब, जरा उशिरा, परवानगी असल्यासारखे. मी नाही हसलो. डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हटलं, "बाई, वाहनतळावर पाठवायचं तर पाठवा, पण अंडी फुटेपर्यंत दोन महिने मला इथे राहू द्या. तिला माझ्या हाताची सवय आहे."

त्या वही मिटून म्हणाल्या, "असं टिपण मी कुठल्या मोठ्या बागेत पाहिलं नाही. एक दिवस सुटलेला नाही. सर्पगृह राहील. फक्त ही वही दुरुस्त करा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना पाच मिनिटं द्या."

गेल्यावर साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. सर्पगृहाच्या आत उभं राहून. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

१३ एप्रिल

चार दिवस खोडाखोड चालू आहे. प्रत्येक 'नर' खोडून 'मादी', प्रत्येक 'मादी' खोडून 'नर', आणि शेजारी माझी सही. जावईबापूंच्या तीन वर्षांच्या नोंदी एका बाजूला, मावशीच्या अकरा वर्षांच्या दुसऱ्या. बोटं दुखायला लागली.

दुपारी साहेब आले. जरा घुटमळले. म्हणाले, "त्या दुसऱ्या बागेला मी शब्द दिलाय. त्यांना नर हवाय." मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी मावशीच्या पेटीकडे पाहिलं.

१६ एप्रिल

मावशी गेली.

खोक्यात ठेवताना नेहमीसारखी शांत होती. जड होती म्हणून दोन्ही हात लागले. तेच खोकं, तोच ड्रायव्हर. कागद नवा लिहायला घेतला. लिंग : नर. हे नीट लिहिलं. पुढे नावाचा रकाना होता. साहेब म्हणाले, "दुसरं काहीतरी घाला ना आता." मला जमेना. अकरा वर्षं सकाळी दार उघडल्यावर मी तोंडातून पहिला शब्द तोच काढला होता. मावशी असंच लिहिलं.

ड्रायव्हरनं कागद वाचला. "नर आणि मावशी? तिकडे विचारलं तर काय सांगू?"

"सांगा, ज्याच्याकडे होती त्यानं खूप जीव लावला, पण बघितलं कधीच नाही," मी म्हटलं. "तुम्ही तरी नीट बघा." एवढं बोलून मला रडू आलं, सगळ्यांसमोर, आणि लाजही वाटली नाही.

तो बरं म्हणाला आणि गाडी सुरू केली. वाटेसाठी, म्हणजे पोचल्यावर द्यायला, गोठवलेले दोन उंदीर डब्यात घालून दिले होते. ऊन लागलं की ते वितळतात, डबा पुढच्या सीटवर ठेवू नका, हे सांगायचं राहूनच गेलं.